पावलागणिक शब्द

“ग्राउंडला एक फेरी मारून ये. पुस्तक हातात घेऊनच जा. आणि परत आलीस की हाच परिच्छेद वाचून दाखवायचा,” मी म्हणालो.

ही शिक्षा होती. भूदेवी चिलवेरी अर्धा तास माझ्यासमोर उभी राहून एकाच ओळीशी झगडत होती. एकेक अक्षर खिळा ठोकल्यासारखं वाचायची, आणि शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरायची. बरं, उभी तरी धड राहील? एक पाय दुसऱ्यावर, मग दुसरा पहिल्यावर. अंगठ्याने माती उकरणं चाललेलंच. माझं डोकं फिरलं आणि मी तिला पळायला पाठवलं.

ती पळाली. पळण्यात पोरगी वाघीण होती. नळाच्या कट्ट्यापर्यंत गेली, तिथे दमली आणि परत येताना चालू लागली. चालता चालता पुस्तक उघडून सराव करायला लागली. मी पाठमोरा उभा होतो. मागून आवाज आला, “सकाळी लवकर उठून आजोबा शेताकडे निघाले.”

मला वाटलं, सातवीतलं कोणीतरी वाचतंय. वळून बघतो तर भूदेवी. डोळे पुस्तकात, पाय आपले चाललेले, आणि प्रत्येक पावलाला एक शब्द तोंडातून अख्खा बाहेर पडतोय. माझ्यापर्यंत आली, थांबली, आणि पुढची ओळ पुन्हा “आ... जो...”

“परत जा,” मी म्हणालो.

“सर, आता काय केलं ओ मी?”

“काही नाही केलंस. चालत ये. वाचत ये.”

ही गोष्ट सोलापूरच्या पूर्व भागातली, पस्तीस-एक वर्षांपूर्वीची. आमची सातवीपर्यंतची छोटी मराठी शाळा होती. पोरं बहुतेक तेलुगू घरांतली. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू, आणि शाळेत एकदम पुस्तकातली मराठी. बाप लूमवर, आई दारात बसून विड्या वळणारी. मी तिथला खेळाचा मास्तर, हणमंत व्हनमाने. शाळेत खेळाच्या मास्तराची किंमत भाजीतल्या कढीपत्त्याएवढी. वासाला हवा, पण ताटात आला की बाजूला काढायचा. कुणाचा तास रिकामा असला की “व्हनमाने, जरा पोरांना बाहेर न्या.” चौथीच्या कस्तुरेबाई त्यांच्या वर्गातल्या सात कच्च्या पोरांना कंटाळल्या, आणि मराठीच्या तासाला ती सातही माझ्याकडे आली. मी स्वतः शाळेत असताना वाचनात यथातथाच होतो. त्यामुळे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्यातला हा प्रकार होता.

पण त्या दिवसापासून मी इरेला पेटलो. मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन ग्राउंडवर रेघा मारल्या. एका पावलाला एक शब्द. पूर्णविराम आला की दोन्ही पाय जुळवून थांबायचं. स्वल्पविरामाला एक टाळी. प्रश्न असला तर हात वर. सुरुवातीला पोरं एकमेकांवर आदळायची, हसायची. पंधरा दिवसांत पावलं जुळली. मग मी एका पावलाला दोन शब्द केले, मग तीन. पोरं पुस्तक पाठ करून मला फसवतील म्हणून वाण्याच्या पुड्यांचे कागद आणायचो आणि तेच वाचायला लावायचो. कधी सिनेमाची जाहिरात, कधी हवामान, कधी कुणाच्या तेराव्याचं निमंत्रण.

कस्तुरेबाई खिडकीतून बघायच्या. “व्हनमाने सर, वाचन चाललंय का मिरवणूक?”

“मिरवणूकच समजा बाई. पुढच्या खेपेला बँजो आणतो.”

प्रत्येक वाचनाआधी मी हुकूम द्यायचो. कवायतीच्या माणसाला हुकमाशिवाय घास उतरत नाही. ‘सावधान’ म्हटलं की अंग ताठ आणि तोंड बंद. फक्त डोळ्यांनी ओळ बघून घ्यायची. ‘विश्राम’ म्हटलं की एक श्वास. ‘चल’ म्हटलं की पाऊल आणि आवाज. हे तिन्ही हुकूम माझेच. सातवीतली टवाळ पोरं भिंतीआडून माझा आवाज काढून ‘विश्राम’ ओरडायची आणि माझी सात पोरं फसायची. तेव्हा मी माझ्या सातांना ओळीत उभं करून दम भरला. “मी समोर असलो की माझाच हुकूम. बाहेरचं कुणीही काही म्हणो, हेडसर म्हणोत, पाहुणे म्हणोत, जागचं हलायचं नाही.”

सव्वीस जानेवारीला प्रमुख पाहुणे “बसा बाळांनो” म्हणाले तर सगळी शाळा बसली. ही सात ताठ उभी. मी ‘विश्राम, बस’ म्हटल्यावरच बसली. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. मी आठवडाभर छाती पुढे काढून हिंडत होतो.

भूदेवीची आई मला भेटली ती त्याच सुमारास. लिंगम्मा तिचं नाव. सकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन, नवी पानं आणि तंबाखू घेऊन परत जाताना फाटकाशी थांबली होती. डोक्यावर गाठोडं तसंच.

“सर, भूदेवी म्हणती आता वाचायला येतंय.”

“येतंय. चालत वाचते, पण झकास वाचते.”

“चालत?” ती हसली. मग तिचं हसू गेलं. “सर, मी स्पष्ट बोलते ओ. हिचा बाप भिवंडीला लूमवर गेलाय, आला तर आला. धाकटी दोघं हायत. गल्लीत हिच्या वयाच्या पोरी बसल्या की कामाला. चौथी दोनदा झाली. या टायमाला पास झाली तर शिकू दे, मी एकटी वळीन. नापास झाली तर सूप मांडीवर.”

“पास होईल.”

“तुमी म्हणताय?”

“मी म्हणतो.”

तिने गाठोडं सांभाळत मान हलवली. “मग बघू,” म्हणाली आणि गेली. विड्या वळायचं सूप मांडीवर आलं की दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दिवे लागेपर्यंत ढुंगण जमिनीवरून उचलत नाही. त्या गल्लीतल्या चाळिशीच्या बायांच्या वाकलेल्या कमरा मी बघितल्या होत्या. आणि ही पोरगी तर दोन मिनिटं एका जागी उभी राहत नव्हती.

मार्चमध्ये शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला यायचे होते. हेडसर बिराजदारांनी आधी आम्हां सगळ्यांना बोलावलं. चौथीत दुसऱ्यांदा बसलेली तीन पोरं होती, त्यांची तोंडी परीक्षा साहेब स्वतः घेणार आणि त्यांचा शेरा तोच निकाल, असं ठरलं होतं. तिघांतली एक भूदेवी.

“व्हनमाने,” हेडसर म्हणाले, “ते तुमचं नाचत वाचणं त्या दिवशी बंद. साहेब जुन्या वळणाचे आहेत. पोरं खांबासारखी उभी पाहिजेत.”

“सर, पण ती पोरगी चालल्याशिवाय...”

“वाचन तोंडाने करतात की पायांनी? ग्राउंडवर काय करायचं ते करा. साहेबांपुढे मला तमाशा नको.”

मी बरं म्हणालो. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो, हे एक कारण. दुसरं कारण असं की बिराजदार सरांपुढे माझी जीभ नेहमीच टाळूला चिकटायची. मनात म्हटलं, आठ दिवस आहेत, भूदेवीला उभं राहून वाचायची सवय लावू. पण त्या आठ दिवसांत शाळेला रंग द्यायचं काम निघालं. ग्राउंड झाडणं, कुंड्या लावणं, स्वागताची कवायत बसवणं, सगळं माझ्याच गळ्यात. सात पोरांचा तास झालाच नाही.

साहेब आले. भला माणूस होता, खोटं कशाला बोलू. जाड चष्मा, खांद्यावर पंचा, आवाज मऊ. चौथीच्या वर्गात खुर्चीवर बसले. एका बाजूला हेडसर, दुसऱ्या बाजूला कस्तुरेबाई, आणि दाराशी मी. पहिली दोन पोरं वाचून गेली, अडखळत का होईना. मग भूदेवी आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, नवीन धुतलेला युनिफॉर्म. आईने डोक्याला एवढं तेल लावलं होतं की कपाळावर ओघळ आला होता.

साहेबांनी स्वतःच्या पिशवीतून एक पुस्तक काढलं. पोरांनी कधी न बघितलेलं. पान उघडून तिच्या हातात दिलं.

“वाच बाळ, इथून.”

भूदेवीने पुस्तक घेतलं आणि तिचा पाय हलायला लागला. आधी टाच, मग गुडघा. हेडसरांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. काही करायला हवं होतं. आणि मला आयुष्यात जे एकच येतं तेच मी केलं.

“भूदेवी, सावधान!”

पाय थांबला. ती ताठ झाली. टाचा जुळल्या, पुस्तक छातीसमोर, डोळे पानावर. हेडसरांची मान समाधानाने हलली.

“हां, वाच आता,” साहेब म्हणाले.

ती वाचेना. तिचे डोळे पानावरून खाली गेले, पुन्हा वर आले. मग तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, गडबडली. मी डोळ्यांनी खुणावलं, वाच. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“घाबरू नकोस. पहिला शब्द तरी सांग,” साहेब म्हणाले. “बरं, हे अक्षर कोणतं?”

काही नाही. ओठ मिटलेले. कस्तुरेबाई पुढे होऊन म्हणाल्या, “अगं वाच की, म्हशीसारखी काय उभी राहिलीस?” तरी नाही. डोळे मात्र माझ्यावर. ते मोठे होत गेले आणि पाण्याने भरले. मला ते बघवेना. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

सांगायला हवं होतं. ‘साहेब, ही चालत वाचते, हिला दोन पावलं टाकू द्या,’ एवढंच वाक्य. ते माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं, देवाशपथ आलं होतं. हेडसर साहेबांच्या शेजारी उभे होते, आणि ते वाक्य मी गिळलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “दोन वर्षं चौथीत आहे ना ही?” त्यांनी हळूच कागदावर लिहिलं. शेरा मला नंतर हेडसरांनी वाचून दाखवला. ‘अक्षरओळख नाही.’ साहेब बाहेर पडेपर्यंत ती तशीच उभी होती. कस्तुरेबाईंनी दंडाला धरून तिला जागेवर नेऊन बसवलं. मी तोवर साहेबांच्या मागे चहाची व्यवस्था बघायला धावलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून भूदेवी शाळेत आली नाही. एक मेला निकाल लागला. प्रगतिपुस्तक न्यायला तिच्या घरचं कुणी आलं नाही. दहा-बारा दिवस ते कपाटात पडून होतं. शेवटी मीच घेऊन निघालो. मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी बसवत नव्हतं, एवढंच.

भर उन्हाची दुपार होती. गल्लीत दोन्ही बाजूंनी घरांच्या पडवीला पोती बांधून सावली केलेली आणि त्या सावलीत बायका ओळीने बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप. तंबाखूच्या वासाने मला ठसका लागला. लिंगम्मा दाराशी बसली होती. शेजारी भूदेवी, मांडी घालून. पत्र्याच्या छोट्या साच्यावर पान ठेवायची आणि कात्रीने कापायची. कापलेलं पान आईच्या सुपात.

“सर आले,” लिंगम्मा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “भूदेवी, पाणी दे की सरांना.”

भूदेवीने पाणी आणून दिलं आणि परत जागेवर जाऊन बसली. लिंगम्माने प्रगतिपुस्तक न उघडताच मागे कोनाड्यात सरकवलं. आत धाकटं पोर रडायला लागलं तशी ती उठून आत गेली.

मी पडवीच्या कडेला टेकलो.

“घाबरलीस का गं त्या दिवशी?” मी विचारलं.

“नाही सर.”

“मग एकदम विसरलीस? चालायला मिळालं नाही म्हणून वाचता आलं नाही ना? चूक माझी आहे. मी साहेबांना सांगायला पाहिजे होतं.”

ती कात्री थांबवून माझ्याकडे बघायला लागली. “मी वाचलं की सर.”

“कधी?”

“तेव्हाच. मनात. तीनदा वाचलं.” आणि मग ती उत्साहाने सांगायला लागली. “त्यात एक कुंभार असतो. त्याचं गाढव हरवतं. तो दोन गावं हुडकतो, बाजारात हुडकतो, रडतो. आणि शेवटी गाढव त्याच्याच घरामागं उभं असतं. भिंतीच्या सावलीला.” ती हसली. “बायकोने बांधलेलं असतं ओ तिथं. ह्याला सांगायचं विसरलेली.”

ते पुस्तक साहेबांचं होतं. साहेब ते घेऊन गेले होते. ते पान तिने त्या दोन-तीन मिनिटांखेरीज कधी बघितलेलं नव्हतं.

“उभ्या उभ्या वाचलंस? पाय न हलवता?”

“हो. आता येतंय की तसं पण. आधी नव्हतं येत.”

“अगं, मग बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला. शेजारच्या बाया बघायला लागल्या. “साहेब किती वेळा म्हणाले वाच म्हणून!”

“तुमी सावधान म्हणलात.”

“हो, म्हणालो.”

“पुढचं म्हणलाच नाही.” तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. शाई विसरलेल्या मास्तराला शाईची आठवण करून द्यावी तसं सांगितलं. “बाहेरचं कुणी पण म्हणू दे, साहेब म्हणू दे, हलायचं नाही, तुमीच सांगितलेलं की ओ सर. मी कितीदा तुमच्याकडं बघितलं. तुमी खिडकीत बघत होतात.”

मी मघाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला. तो रिकामा होता. तसाच तोंडाला लावला.

तिला सगळं येत होतं. पायांशिवाय येत होतं. जे मी सहा महिने करू बघत होतो ते झालं होतं आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता. तिच्यावर माझा विश्वास नव्हता, तो सगळा तिच्या पायांवर होता. एक शब्द मी म्हणायला हवा होता, रोज शंभरदा म्हणत होतो तोच. तिने डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्याची वाट बघितली. मी त्या वेळी माझी नोकरी बघत होतो.

लिंगम्मा पोराला कडेवर घेऊन बाहेर आली. मी उठून उभा राहिलो आणि तिला सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. हुकूम, हेडसर, माझं गप्प बसणं, सगळं. ती पोराला मांडीवर घेऊन बसली, सूप गुडघ्यावर घेतलं आणि ऐकता ऐकता हात चालू ठेवले. पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. तिची बोटं बघायची गरज तिला नव्हती.

“म्हणजे हिला वाचायला येत होतं?” शेवटी तिने विचारलं.

“चांगलं येत होतं.”

“मग नापास कशापायी झाली?”

“माझं ऐकलं म्हणून.”

तिचे हात थांबले. मी तिथे होतो तेवढ्या वेळात एकदाच थांबले.

“मी आज हेडसरांच्या घरी जातो,” मी घाईने म्हणालो. “साहेबांकडे पण जातो. लिहून देतो, चूक माझी होती म्हणून. जूनला हिला पाचवीत बसवू. पुस्तकं मी देतो. लिंगम्मा, पोरीला इथे बसवू नका. ही बसणारी पोर नाही.”

“कोणती पोर बसणारी असती सर?” ती म्हणाली.

पलीकडच्या बाया पुन्हा आपापल्या सुपांत बघायला लागल्या होत्या.

“तुमी वाईट नाय ओ,” लिंगम्मा म्हणाली. “एवढ्या उन्हाचं आलात. दुसरं कोण आलं? पण मी तुमाला विचारलं होतं, तुमी म्हणताय का म्हणून. तुमी म्हणालात मी म्हणतो.” तिने विडीला दोऱ्याचा वेढा दिला आणि दाताने दोरा तोडला. “तुमचं ऐकून नापास झाली. आता माझं ऐकू द्या.”

भूदेवी मान वर करून माझ्याकडे बघत होती. कात्री हातात तशीच धरलेली, ताठ बसलेली. मी आता काही बोलेन म्हणून थांबली होती. मी तिच्या आईकडे बघितलं, कोनाड्याकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. मला एकही शब्द सापडला नाही.

बऱ्याच वेळाने तिने मान खाली घातली आणि पुढचं पान साच्यावर ठेवलं.